पीठ वाढलं

आजीच्या घरात पीठ कधी संपायचं नाही, वाढायचं.

डब्याच्या तळाला हात लागून पत्रा वाजला की ती चुलीपासूनच हाक द्यायची, “पीठ वाढलं हो!” ही हाक दादांना, म्हणजे माझ्या आजोबांना असायची. दादा ज्वारीचं गठुडं डोक्यावर घेऊन गिरणीकडं निघायचे. घरात ज्वारी नसली तरी निघायचे. मग डोक्यावर नुसता पटका असायचा आणि परत येताना काय असेल ते कुणालाच ठाऊक नसायचं. तांदूळ, मीठ, तेल, कुंकू, यातलं काही संपलं असं तोंडानं म्हणू नये, वाढलं म्हणावं, ही रीत सगळ्याच मराठी घरांतली. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. आमचं घर तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती. देव्हारा गेला होता, जत्रेचा बोकड गेला होता, लेकरांची नावं बदलली होती. हा शब्द मात्र राहिला होता. आजीला त्यात काही वावगं वाटत नसे. तो शब्द शास्त्रातलाच आहे, अशी तिची खात्री होती.

आमची वाडी बालाघाटाच्या माथ्यावर, मांजरसुंब्यापासून पायी तासाभराच्या अंतरावर. तिथून उतरणीची पायवाट धरली की खाली दरीत कपिलधार. बीडचे लोक वीसेक किलोमीटर गाडीनं येतात आणि धबधब्यापाशी उतरतात. कपिलमुनींनी इथं तप केलं म्हणून कपिलधार, असं म्हातारी माणसं सांगत. पण मराठवाड्यात हे नाव घेतलं की हात जोडले जातात ते मन्मथस्वामींसाठी. सोळाव्या शतकातले हे वीरशैव संतकवी, मानूरच्या मठाचे अधिपती, ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत लिहिणारे. त्यांची समाधी इथं आहे. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्याच्या गावागावांतून आणि पलीकडं कर्नाटक, तेलंगणातूनही दिंड्या येतात. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, मुखी शिवनाम. त्या दिवसांत आम्ही लेकरं घाटाच्या कडेला सीताफळांची पाटी मांडून बसायचो. बालाघाटाच्या उतारावरचं सीताफळ म्हणजे वरून खडबडीत आणि आत साखर. दिंडीतल्या बाया विचारायच्या, “कोणाची गं तू?” मी दादांचं नाव सांगायची. “म्हणजे किरिस्तावाची,” असं एकमेकींना सांगत त्या सीताफळ घ्यायच्या, पैसे मात्र पाटीत टाकायच्या, हातात द्यायच्या नाहीत. सगळ्या नाही, काही.

संध्याकाळी आमच्या ओसरीत उपासना व्हायची. अकरा घरांची मंडळी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकी दिवस दादाच शास्त्र वाचायचे. ते पेशानं गवंडी. बोटांना चुना आणि भेगा. त्या बोटानं ओळ धरून ते सावकाश वाचायचे. आजीला अक्षर येत नव्हतं. दादांचं वाचून झालं, कंदील बारीक केला, की अंथरुणावर आजीचं शास्त्र सुरू व्हायचं. तेच, पण कपिलधारला घडलेलं.

एलीयाची गोष्ट तिची लाडकी. अहाब राजाच्या राज्यात पाऊस पडायचा बंद झाला. देवानं एलीयाला सांगितलं, करीथ ओढ्यापाशी जाऊन दडून राहा, तिथलं पाणी पी, कावळे तुला भाकर आणून देतील. आजीच्या गोष्टीत करीथ ओढा म्हणजे आमच्या दरीतलाच ओढा, आणि कावळे समाधीच्या कळसावर बसणारेच. काही दिवसांनी ओढा आटला. मग देवानं त्याला परमुलखात, सीदोनातल्या सारफथ गावी एका रांडमुंड बाईकडं पाठवलं. ती वेशीबाहेर काटक्या वेचत होती. तिच्या मडक्यात मूठभर पीठ होतं, कुपीत थेंबभर तेल. एवढ्याची भाकर करायची, माय-लेकानं खायची आणि मरायचं, असं तिनं ठरवलेलं. एलीया तिला म्हणाला, आधी मला एक लहान भाकर कर. तिनं केली.

“आन् तिच्या मडक्यातलं पीठ वाढलं,” आजी म्हणायची.

“वाढलं म्हणजे संपलं का जास्त झालं?” आम्ही हसत विचारायचो.

“दोन्ही,” आजी म्हणायची. तिला हसू यायचं नाही.

मला मात्र दुसरंच टोचायचं. एकदा विचारलं, “देवानंच धाडलं होतं ना त्याला ओढ्यावर? मग देवानं ओढा आटवला कामून?” मला वाटलं होतं, आजी रागावेल. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आटला नसता तर तो तिथंच बसून राहिला असता की गं. त्या बाईकडं कोण गेलं असतं?”

ही गोष्ट मी पुढं शहरांतल्या मोठ्या देवळांत, चांगल्या शिकलेल्या पाळकांच्या तोंडूनही ऐकली. देव कसा पुरवतो, हे सगळ्यांनी सांगितलं. आटलेल्या ओढ्याबद्दल आजीएवढं कुणी थांबून बोललेलं मला आठवत नाही.

आमच्या घरात ख्रिस्त आला तोही दुष्काळातूनच. दादा सांगायचे, त्यांचे आजोबा दहा वर्षांचे असताना मोठा काळ पडला. माणसं निवडुंगाची बोंडं आणि तरवडाचा पाला खात होती. बापानं तीन लेकरं घेतली आणि जालन्याची वाट धरली. गेवराईवरून शहागडला गोदावरी ओलांडायची, मग अंबड, मग जालना. तिघांतली दोन पोचली. जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत होती, तिथं काम आणि भाकर मिळते, असं कुणीतरी वाटेत सांगितलेलं. “शेषाद्रीसाहेबांनी आपल्या हातानं आमच्या आजाला भाकर दिली,” हे दादा सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

मोठी झाल्यावर मी वर्षं जुळवून पाहिली. नारायण शेषाद्री हे निजामाच्या मुलखातले देशस्थ ब्राह्मण, मुंबईत शिकायला गेलेले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं जालन्याला येऊन त्यांनी स्कॉटिश मिशनचं काम उभं केलं आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. ते वारले १८९१ साली. म्हणजे दादांच्या आजोबांचा काळ १९०० चा असूच शकत नाही, तो १८७६ ते १८७८ चा असला पाहिजे. वय मोजलं तर जुळतं. आता भाकर खरंच शेषाद्रींच्या हातची होती की तिथल्या एखाद्या स्वयंपाकीणबाईची, हे कोण सांगणार? उपाशी लेकराला देणाऱ्याचा हात दिसतो, चेहरा नंतर कुणीतरी जोडतं. दादांनी जोडलेला चेहरा मी खोडला नाही.

शेषाद्रींबद्दल वाचताना एक गोष्ट कळली, जी आमच्या घरात कुणी सांगितली नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागून मिशनऱ्यांकडं गेला. बापानं कोर्टात धाव घेतली, पोरगा परत मिळवला, आणि त्याला जातीत घ्यावं की नाही यावरून मुंबई-पुण्यात केवढं काहूर माजलं. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूनं उभे राहिले. मला त्या दोघांच्या आईची आठवण येते, जिचं कुठं काही वाचलं नाही. एक मुलगा देवामागं गेला आणि एक कोर्टानं आणून दिला. तिच्या जिवाला लागलेला घोर कोणत्या देवानं ऐकला असेल? आमची भाकर त्या घरातल्या दुःखावरून चालत आमच्यापर्यंत आली आहे, हे विसरून मला देवाचे उपकार मानता येत नाहीत.

आजीकडचा धागा केडगावचा. तिची आई, माझी पणजी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. १९०० च्या दुष्काळात तिला कुणीतरी रेल्वेनं तिथं आणून सोडलं होतं. गाव कोणतं, आईबापांचं नाव काय, काही माहीत नाही. गुजराती वळणाचे दोन-चार शब्द तिच्या बोलण्यात शेवटपर्यंत राहिले, तेवढाच तिचा सातबारा. त्या साली मुक्तीमध्ये जवळजवळ दोन हजार जीव होते. एवढ्यांना खायला घालायला रमाबाईंकडं ना जहागीर होती, ना बांधलेली वर्गणी. पणजी सांगायची, विहिरींचं पाणी संध्याकाळपर्यंत खरवडून काढलेलं असायचं, तळाचा गाळ दिसायचा, आणि पहाटे पुन्हा पाणी आलेलं असायचं. आजीनं ही गोष्ट आम्हाला शंभरदा सांगितली असेल. त्यात ‘वाढलं’ हा शब्द यायचाच.

पण पणजीनं दुसरंही सांगितलं होतं. रमाबाई स्वतः दुष्काळात पोरक्या झालेल्या. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई, दोघंही त्यांच्या डोळ्यांदेखत भुकेनं गेले. संस्कृतातली पंडिता पदवी मिळाली ती त्यानंतर. नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची लेक मनोरमा कडेवर होती. त्याच मनोरमाला १९२१ साली त्यांनी पुरलं, आणि पुढच्या वर्षी, १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीनं केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात पुरं होऊन १९२४ साली बाहेर आलं. लेक गेल्यावरही त्या त्या भाषांतराशी बसत होत्या. मी शाळेत शिकवत असताना पोरींना हे सांगायची, आणि सांगता सांगता माझ्या मनात यायचं, की या बाईला देवावर विसंबणं सोपं गेलं असेल असं मानणं हा तिच्यावर अन्याय आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. तो मला ऐकीव नाही.

त्या वर्षी दादांना बांधकाम मिळेना. सगळं घर पाझर तलावाच्या कामावर गेलं. खडी फोडायची, माती वाहायची, आठवड्यानं पगार. लेकरांना सुकडी मिळायची. रेशनला परदेशातली मिलो, लाल ज्वारी, जिची भाकर तव्यावरच मोडायची. याच दुष्काळातल्या कामांतून वि. स. पागे यांच्या रोजगार हमीनं मूळ धरलं आणि पुढं तिचा कायदा झाला. माणसं जगली ती त्या खडीवर. पण पाणी? वाडीतल्या आडात नुसता ओला दगड राहिला. आमच्या घागरीला कुणाची घागर लागू नये, ही पद्धत अजून पुरती गेलेली नव्हती. आजी पहाटे तीनला उठून कपिलधारला उतरायची. एरवी पावसाळ्यात जिथं उभं राहिलं तर अंगाला तुषार लागतात, तिथं कातळावरून करंगळीएवढी धार. तिच्याखाली रांग.

त्या रांगेत एक जंगमाची म्हातारी असायची. एका पहाटे आजीच्या मागच्या बाईनं आजीला बाजूला सरायला सांगितलं. आजी सरली. वाद घालायचं तिच्या अंगातच नव्हतं. म्हातारी पुढं होती. तिनं स्वतःची भरलेली घागर उचलली आणि आजीच्या घागरीत ओतली. वरून नाही, काठाला काठ लावून. मग रिकामी घागर घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. “स्वामीच्या दारात पाणी कोणाचं ते विचारू नाही,” एवढंच बोलली. आजी दिवस उजाडता घरी आली, घागर ठेवली आणि भिंतीला टेकून रडली. मला वाटलं, पाय मुरगळला. रात्री दादांनी वाचलेलं काही तिनं ऐकलं नाही. तिनंच सांगितलं, “आज सारफथला जाऊन आले.”

पगाराच्या दिवशी आजीनं मिलोचं पीठ फडक्यात बांधून त्या म्हातारीकडं पाठवलं. ते घेऊन जाणारी मी. म्हातारीनं फडकं सोडलं, पीठ डब्यात ओतलं, आणि डब्यात बघून म्हणाली, “बरं झालं बाई, आमचं कालच वाढलं होतं.” मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हा शब्द हिच्याकडंही आहे!

इथवर गोष्ट गोड आहे. पण त्याच उन्हाळ्यात माझा दीड वर्षाचा भाऊ हगवणीनं गेला. दोन दिवसांत. दादांनी त्याला पाठीशी बांधून बीड गाठलं होतं. आठवतं ते एवढंच, की परत येताना पाठीवरचं गाठोडं तसंच होतं आणि दादा घरात न येता ओसरीच्या दगडावर बसले होते. त्या पोरासाठी अकरा घरांनी प्रार्थना केली होती. आजीनं तर देवाला नाव घेऊन मागितलं होतं. तिची तशी सवयच होती. “देवाला मोघम सांगू नाही,” म्हणायची, “दुकानात गेल्यावर किती शेर ते सांगतेस ना? मग देवापुढंच मोघम कामून?” पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला तुरुंगातून जे पत्र लिहिलं, त्यातलं काळजीबद्दलचं वचन तिला याच भाषेत कळलं होतं. आपलं मागणं देवाला कळवायचं, एकेक, नावानिशी.

आई नंतर कित्येक महिने उपासनेत तोंड उघडत नव्हती. गायन सुरू झालं की तिचे ओठ घट्ट. वाडीतल्या एका काकीनं तिला समजवायला घेतलं, देवाची मर्जी, देवानं दिला देवानं नेला. आजीनं तिला थांबवलं. ती आईला म्हणाली, “तू नको म्हणू. आमी म्हणतो. तू निस्ती बस.” आणि आई नुसती बसली. आम्ही टिळकांची भजनं म्हणत होतो, दादा टाळ धरत होते. रेव्हरंड टिळकांनी आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना हे एक फार मोठं देऊन ठेवलं आहे. परक्या सुरावटींच्या गायनांत न मावणारं रडू अभंगाच्या चालीत मावतं. एका रात्री, पाऊस येऊन गेल्यानंतरच्या एका रात्री, आईनं मध्येच एका ओळीला सूर लावला. कुणी तिच्याकडं पाहिलं नाही. आजीनं मला डोळ्यानं दटावलं, म्हणून मीही नाही.

दुष्काळ सरल्यावर दादा जालन्याला नातलगांकडं गेले होते. परत आले ते हापशाची बातमी घेऊन. मिशनच्या आवारात एक यंत्र आहे, दाबलेल्या हवेच्या हातोड्यानं ते काळा कातळ फोडत खाली जातं, आणि दीडशे-दोनशे फुटांवर पाणी लागतं. आमच्या काळ्या पाषाणात आड खणायला दादांनी उभी हयात घालवलेली. सुरुंग, पहार, महिने. त्यांना ते चमत्कारासारखं वाटलं, आणि गवंडी असल्यामुळं त्यांनी त्या चमत्काराला हात लावून पाहिला. तोवरचे ओतीव लोखंडाचे पंप एका घराच्या अंगणासाठी केलेले. अख्ख्या गावानं दिवसभर दांडा हलवला की महिन्याभरात मोडायचे. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादाचा, एकाच आसावर हलणारा दांडा असलेला पंप केला. तो पुढं सोलापूरला आणखी सुधारला, आणि त्याच घराण्यातून १९७० च्या दशकाच्या अखेरीस युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ हापसा तयार झाला. आज आशिया-आफ्रिकेतल्या किती खेड्यांत तो दांडा वरखाली होतो आहे, याला गणती नाही. आमच्या वाडीत हापसा आला तेव्हा आजीनं पहिली घागर भरली नाही. ती जंगमाच्या म्हातारीच्या सुनेला बोलावून आणायला गेली. म्हातारी तोवर गेलेली होती. दादा मात्र हापशापाशी बसून राहिले. म्हणाले, “देवावर भरोसा म्हणजे हात बांधून बसणं न्हाई. कुणाच्या तरी हातात पाना देतो तो.”

मी शिकले, बीडला शिक्षिका झाले, लग्न झालं, दोन मुलं मार्गाला लागली. आजी-दादा वाडीच्या कब्रस्तानात शेजारी शेजारी निजले. त्यांच्या गोष्टी मी इतक्यांदा सांगितल्या की त्या मला पाठ झाल्या, आणि पाठ झालेल्या गोष्टीचं होतं तसं त्यांचं झालं.

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या यांना कोरोना झाला. खाटेसाठी दीड दिवस फिरलो. शेवटी एका रुग्णालयात जागा मिळाली आणि मी बाहेरच्या पायरीवर. आत जाता येत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ एक कर्मचारी दारात येऊन ऑक्सिजनचा आकडा सांगायचा. त्र्याण्णव. एकोणनव्वद. चौऱ्याऐंशी. एका रात्री तर कुणी आलंच नाही, आणि आत ऑक्सिजन कमी पडतोय अशी कुजबुज पायरीवरून पायरीवर उतरत गेली. मी चार रात्री झोपले नव्हते. तेविसावं स्तोत्र मला तोंडपाठ, पण अर्ध्यावर गेलं की पुढचं सुचेना. पुन्हा पहिल्यापासून. छातीत काहीतरी चरकासारखं फिरत राहिलेलं. देवावर विश्वास आहे की नाही, हा प्रश्नसुद्धा पडत नव्हता. डोक्यात फक्त आकडा.

मग आठवलं, मोघम सांगू नाही. मी आकडाच सांगितला. चौऱ्याऐंशी आहे, प्रभू. नळकांडी किती उरली ते मला सांगत नाहीत, तुला दिसतात. घराचा हप्ता तटला आहे. मुलीला अजून सगळं कळवलेलं नाही. उद्याचं इंजेक्शन कुठून आणायचं ते मला माहीत नाही. हे गेले तर मला कुलूप लावलेल्या घरात जायची भीती वाटते. सगळं, एकेक, वाण्याच्या यादीसारखं. यादी संपली तेव्हा काही आकाशवाणी झाली नाही. एवढंच झालं, की शेजारच्या पायरीवर कुणीतरी बसलेलं आहे, हे मला दिसलं.

केज तालुक्यातली बाई. माझ्याच वयाची. तिचाही माणूस आत. गळ्यातल्या दोऱ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. तिनं फडकं सोडलं. दोन भाकरी, ठेचा, कांदा. एक भाकर माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “खावा बाई. मला एकटीला गिळत न्हाई.” आधी मला एक लहान भाकर कर, म्हणणारा एलीया मी नव्हते, मी मागितलीही नव्हती. तरी मला ती मूठभर पिठाची गोष्ट, तो ओढा, आजीचा तो थांबलेला चेहरा, सगळं एकदम परत मिळालं. पाठ केलेलं पुसून पुन्हा ऐकल्यासारखं. भाकर खाल्ली. तिनं विचारलं, “कुठल्या तुमी?” मी सांगितलं, कपिलधारच्या वरल्या वाडीची. तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. म्हणाली, “स्वामीच्या गावच्या.” मी म्हटलं, “आम्ही ख्रिस्ती आहोत.” ती म्हणाली, “असा की.”

त्या रात्री मी झोपले. पायरीवर, चपलांची उशी करून, दोन-अडीच तास. येशू नावेत झोपला होता ही गोष्ट सांगताना आजी बजावायची, वादळ थांबल्यावर नाही झोपला, वादळातच झोपला. मला त्याची शांती नेमकी कशी असते ते सांगता यायचं नाही. माझी त्या रात्रीची एवढीच होती. आकडा तोच होता आणि डोळा लागला होता.

पहाटे कर्मचारी दारात आला आणि त्यानं तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं.

आमचे हे एकोणीस दिवसांनी घरी आले.

मंडळीत मला साक्ष द्यायला सांगितलं. देवानं माझ्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. मला उठता आलं नाही. मी मागितलं तसं तिनंही मागितलं होतं, तिच्या स्वामींना, रात्रभर. मी तिथं उभी राहून बोलले असते तर तिच्या घरातल्या रिकाम्या खाटेवर पाय देऊन बोलल्यासारखं झालं असतं. मी नुसती बसले. बाकीचे म्हणत होते, त्यांच्या आवाजात माझाही होता असं धरून चालले. आजीनं आईला दिलेली मुभा मी स्वतःला दिली. देवाबद्दलचा माझा भरवसा त्यानं कमी झाला नाही. पण त्याला आता एक न मिटणारी जागा आहे, आणि ती मिटवायची घाई मी करत नाही. आटलेला ओढा तिथंच आहे, दरीत. त्यावर फरशी घालायची नाही.

आता दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर जाऊन थांबते. केजकडून येणारी दिंडी तिथून जाते. ती त्यात असते. पहिल्या वर्षी फोनवर ठरवलं होतं, आता ठरवावं लागत नाही. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली आम्ही बसतो. ती नवऱ्याचं काही सांगते, कधी काहीच सांगत नाही. माझ्याकडं ज्वारीच्या भाकरी असतात, आजीच्या हातासारख्या जाड, दाण्याची चटणी आणि ठेचा. दिंडीतल्या तिच्या सोबतिणी पण येऊन टेकतात. कुणाच्या पायाला फोड, कुणाचं गुडघं धरलेलं. घासाघासाला गाड्यांचा धुरळा. गेल्या वर्षी अशाच नऊ-दहा जणी जमल्या, भाकरी हातोहात गेल्या, आणि ती डब्याच्या कडेला लागलेलं बोटानं निपटून म्हणाली, “चटणी वाढली गं बाई.”

मी उठले आणि पिशवीतला दुसरा डबा काढला.